फेरारी म्हणजे आपले लोहार! (एक आडनाव आणि त्याचे धनी)

ओसरीवरचा | शनिवार, रात्री १०:४२

आमच्या पुण्याच्या ऑफिसात गेल्या महिन्यात इटलीहून एक इंजिनिअर आले होते. गेटवरच्या वहीत त्यांनी नाव लिहिलं आणि वॉचमन काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. आडनाव होतं फेरारी. संध्याकाळपर्यंत पाच-सहा जणांचं "कारवाले का?" विचारून झालं होतं. चहाच्या टपरीवर गृहस्थ हसत म्हणाले की त्यांच्या भागात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी फेरारीलाच लागेल, आणि त्यातल्या बहुतेकांकडे साधी फियाट असते. मग अर्थ सांगायला त्यांनी डाव्या मुठीवर उजवी मूठ आपटून दाखवली. टपरीवाला आमच्याआधी ओरडला, "लोहार!"

तेव्हापासून हे आडनाव डोक्यातून जाईना. जे काही वाचलं ते इथे टाकतोय, जिलबी वाटली तर पुढे सरका.

लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे फेरुम, लोखंडाचं काम करणारा तो फेरारिउस. त्यावरून फेरारी. शेवटची 'ई' अनेकवचनाची, म्हणजे खरं तर 'लोहारांचे', आपण 'पाटलांचा पोरगा' म्हणतो तसं. इटलीत सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत हे येतं, मुख्यतः उत्तरेत. थोडं इकडेतिकडे झालं की तेच आडनाव फेरारो होतं, पिएमोन्ते प्रांतात गेलं की फेरेरो आणि फेरारिस. गंमत म्हणजे आजच्या इटालियनमध्ये लोहाराला 'फाब्ब्रो' म्हणतात, आणि त्याचंही फाब्ब्री हे आडनाव आहेच. गावोगावी एक तरी लोहार लागायचाच, त्यामुळे हे आडनाव एका घराण्याचं नाहीच. शेकडो गावांत ते आपापलं उगवलं. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चांना नोंदवह्या ठेवायला लावल्या. वहीत जे चढलं ते नातवंडांना चिकटलं, मग नातू ऐरणीजवळ फिरको न फिरको.

आता कारवाले. एन्झो फेरारी, जन्म १८९८, मोडेना. वडील आल्फ्रेदो यांचं लोखंडकामाचं वर्कशॉप होतं, रेल्वेसाठी लोखंडी सांगाडे बनवायचे. म्हणजे या घरात आडनाव आणि धंदा तोवर जुळत होते. १९१६ मध्ये वडील आणि मोठा भाऊ दोघेही गेले. पुढच्या वर्षी एन्झो सैन्यात, डोंगरी तोफखान्यात. तिथे त्यांना काम काय मिळालं? खेचरांना नाल ठोकायचं! मला वाचताना हसूच आलं. भरती कारकुनाने नुसतं आडनाव वाचून काम वाटलं असावं.

युद्धानंतर ते नोकरी मागायला तोरिनोत फियाटकडे गेले, नकार मिळाला. थंडीचे दिवस, खिशात फारसं काही नाही. व्हॅलेंतिनो बागेतल्या बाकावर बसून ते रडले. १९४७ मध्ये त्याच बागेतल्या रस्त्यांवरची शर्यत त्यांच्या गाडीने जिंकली, तेव्हा ते जाऊन त्याच बाकावर बसले. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय.

पण मला सर्वांत आवडलेला भाग मधला आहे. १९२९ पासून 'स्कुदेरिया फेरारी' या नावाने ते अल्फा रोमेओच्या गाड्या शर्यतीत उतरवत. १९३९ मध्ये तिथून फुटले तेव्हा करारात अट पडली: चार वर्षं शर्यतीत फेरारी हे नाव लावायचं नाही. स्वतःचं आडनाव, आणि लावायला बंदी! १९४० च्या मिल्ले मिलिया शर्यतीत त्यांनी दोन गाड्या उतरवल्या, त्यांचं नाव नुसतं '८१५'. फेरारी नावाची पहिली गाडी मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर पडली ती १९४७ मध्ये.

बाकीचे फेरारी कोणाला माहीत असतील तर येऊ द्या.

काडीपेटी | रात्री ११:०५

आमच्याकडे पेपरात 'फरारी' छापून येतं ते वेगळंच कुळ म्हणायचं.

लेख छान. पण तेंडुलकरची ३६० मोडेना राहिलीच की. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी झाली म्हणून भेट मिळालेली. त्यावरचा कस्टम ड्युटीचा वाद तेव्हा गाडीपेक्षा जोरात पळाला होता. मराठी माणसाला फेरारी म्हटलं की आधी तेच आठवतं.

गणिती_गाढव | रात्री ११:३८

ओसरीवरचे, कारच्या चारशे वर्षं आधीचा फेरारी घ्या. लोदोविको फेरारी, जन्म १५२२, बोलोन्या. अनाथ पोर. चुलत्याकडे राहायचा. चुलतभाऊ मिलानमध्ये कार्दानो नावाच्या विद्वानाकडे घरगडी होता, तो पळून आला. चुलत्याने त्याच्या जागी या चौदा वर्षांच्या मुलाला धाडून दिलं. कार्दानो म्हणजे वैद्य, ज्योतिषी, जुगारी, गणिती, सगळं एकात. त्याच्या लक्षात आलं की पोराला लिहिता-वाचता येतं. भांडी घासायचं सुटलं आणि नक्कल करायचं काम मिळालं, मग गणित. अठराव्या वर्षी पोराने चतुर्थ घाताचं समीकरण सोडवलं. म्हणजे क्ष च्या डोक्यावर ४ असलेलं. कुणालाच येत नव्हतं.

युक्ती थोडक्यात अशी: दोन्ही बाजूंत एक नवी संख्या अशी मिसळायची की दोन्हीकडे पूर्ण वर्ग तयार व्हावा. ती संख्या शोधायला घेतली की तृतीय घाताचं समीकरण समोर येतं. म्हणजे चारचं कुलूप उघडायला तीनची किल्ली हवी. आणि घोडं तिथेच अडलं, कारण तीनची किल्ली कार्दानोला तार्ताल्या नावाच्या दुसऱ्या गणित्याने कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून दिली होती. स्वतःच्या शिष्याचा शोध छापता येईना!

१५४३ मध्ये गुरू-शिष्य बोलोन्याला गेले. तिथे एका मेलेल्या प्राध्यापकाची वही जावयाने जपून ठेवली होती. तीत तीनचं उत्तर तार्ताल्याच्याही आधी लिहिलेलं निघालं. शपथ सुटली म्हणून कार्दानोने १५४५ मध्ये सगळं छापलं, श्रेय ज्याचं त्याला देऊन. त्या प्राध्यापकाचं नाव शिपिओने देल फेर्रो. देल फेर्रो म्हणजे 'लोखंडाचा'. लोखंडवाल्याने तीन सोडवलं, लोहाराने चार. धाग्याला यापेक्षा मोठी भेट माझ्याकडे नाही.

ओसरीवरचा | रात्री ११:५१

दंडवत घ्या! गाढव कसले. पण तार्ताल्या गप्प बसला?

गणिती_गाढव | रविवार, सकाळी ७:२०

छे. छापील पत्रांतून जाहीर शिवीगाळ झाली, दोन्हीकडून सहा-सहा पत्रं, सोबत एकमेकांना घातलेली गणितं. कार्दानो नामानिराळा राहिला, त्याच्या वतीने लढला फेरारी. १० ऑगस्ट १५४८ ला मिलानच्या एका चर्चमध्ये भर गर्दीत सामना झाला. पहिल्या दिवसअखेर वारं कुठे वाहतंय ते तार्ताल्याला कळलं आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत त्याने गाव सोडलं.

अवांतर: तार्ताल्या हेही जन्माचं आडनाव नाही. १५१२ मध्ये फ्रेंच सैन्याने ब्रेशा लुटलं तेव्हा लहानग्या निक्कोलोच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला, बोलणं अडखळू लागलं. तार्ताल्या म्हणजे तोतरा. आपल्याकडे बोबडे आहेतच.

लोदोविकोचा शेवट मात्र वाईट. मिलानच्या गव्हर्नरकडे सारामापणीची नोकरी करून पैसा कमावला, घरी परतला आणि १५६५ मध्ये गेला. सख्ख्या बहिणीने सोमल (विष) घातला अशी वदंता. कार्दानो लिहितो की ती अंत्यविधीला रडली नाही, पंधरवड्यात लग्न केलं, भावाची इस्टेट नवऱ्याच्या नावे केली आणि नवरा तिला सोडून गेला. मालिकावाल्यांनी हे वाचलं तर दोन वर्षं पुरेल.

तोंडीलावणं | सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. चतुर्थ घात डोक्यावरून गेला, सोमल कळला.

तीन_फेज | सकाळी ९:१४

शेवटी 'स' असलेले फेरारिस मी घेतो.

जुन्या घरातला काळा मीटर आठवा. काचेआड ॲल्युमिनियमची चकती, कडेला एक लाल-काळी खूण. दुपारी झोप येत नसली की आम्ही भावंडं त्या खुणेच्या फेऱ्या मोजायचो. आईने इस्त्री लावली की चकती पळायची, नुसता झिरोचा दिवा असला की सरकतेय की नाही तेच कळायचं नाही. चकतीला तार जोडलेली नाही, मग फिरते कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून. युरोपात या मीटरला फेरारिस मीटरच म्हणतात. तो बांधला दुसऱ्यांनी, पण तत्त्व फेरारिसांचं.

गालिलेओ फेरारिस, जन्म १८४७, तोरिनोत प्राध्यापक. त्यांनी १८८५ मध्ये दाखवलं की दोन गुंडाळ्या काटकोनात ठेवून त्यांत थोडा मागेपुढे सरकलेला एसी प्रवाह सोडला की चुंबकक्षेत्र जागच्या जागी गोल फिरू लागतं. मधे तांब्याचं नळकांडं टांगा, ते न शिवता मागे मागे फिरतं. मार्च १८८८ मध्ये त्यांनी तोरिनोच्या विज्ञान अकादमीत हे वाचलं. टेस्लाला अमेरिकेत पेटंट मिळालं ते त्याच वर्षीच्या १ मे रोजी. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आधी कोण, यावर अजून हातघाई होते. प्राध्यापकसाहेबांनी पेटंट घेतलंच नाही. वर हिशोब करून लिहिलं की अशा मोटरची कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाणार नाही, म्हणून ती उपयोगाची नाही. तो हिशोब साफ चुकला. आज पिठाच्या गिरणीपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सगळीकडे तीच जात.

सांगलीचा_नाना | सकाळी ९:४०

तीन फेजराव, फिरणारं चुंबकक्षेत्र आम्ही रानात पाहिलंय, नाव आज कळलं. डीपीवर काम झालं की पंप सुरू करायचा आणि पाणीच येईना. मोटर तर घुमतेय. म्हातारा म्हणायचा, "उलटी लागली." तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की सुलटी. का, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं.

तीन_फेज | सकाळी ९:५५

अगदी तेच नाना. दोन फेज बदलल्या की क्षेत्र उलट्या दिशेने फिरतं, मोटर त्याच्या मागे. पंपाचं पंखं मात्र एकाच दिशेसाठी घडवलेलं, म्हणून पाणी चढत नाही.

बारामतीकर | सकाळी १०:३०

फेरेरो आमचे हो! २०११ पासून बारामती एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे, किंडर जॉय आणि टिकटॅक तिथून निघतात. इतकी वर्षं ते खाऊन कधी वाटलं नाही की वेष्टनावर 'लोहार' लिहिलंय.

मूळ गाव आल्बा, पिएमोन्ते. पिएत्रो फेरेरो मिठाईवाला. महायुद्धानंतर कोको मिळेना, मिळाला तर परवडेना. आसपास हेझलनट मात्र भरपूर. म्हणून कोकोत हेझलनट भरून त्याने वडी केली, पावावर कापून ठेवायची. १९४६ ची गोष्ट. पिएत्रो तीनच वर्षांत वारला. मुलगा मिकेले याने त्याच कल्पनेतून १९६४ मध्ये न्युटेला काढलं. टंचाईतून निघालेला खाऊ आहे हा, आपल्या शिळ्या पोळीच्या लाडवासारखा.

मोडीवाचक | सकाळी ११:१८

झटपट दोन भर घालतो. गाउदेंत्सिओ फेरारी, चित्रकार. साधारण १५३५ मध्ये त्यांनी सारोन्नोच्या चर्चच्या घुमटात आतून वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांची दाटी रंगवली. व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्यांची ही अगदी सुरुवातीची चित्रं, वाद्यांचे इतिहासकार अजून मान वर करून ती बघतात. आणि बेनेदेत्तो फेरारी, कवी आणि थिओर्बो या लांब मानेच्या तंतुवाद्याचे वादक. १६३७ मध्ये व्हेनिसला सान कास्सियानो नाट्यगृहात पहिल्यांदा तिकीट काढून कोणालाही ऑपेरा बघता आला, त्याची संहिता यांची. तोवर ऑपेरा म्हणजे दरबारी लाड.

अमेरिकेत गेलेल्यांपैकी जेराल्डिन फेरारो. १९८४ मध्ये मोठ्या पक्षाकडून उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या पहिल्या बाई.

काडीपेटी | दुपारी १२:०१

मग फेर्रांते आणि फेर्राराही लोहारच ना? आणि गाडीवरचा घोडा नालेवरून आला असणार.

मोडीवाचक | दुपारी १२:२६

तिन्ही नाही. फेर्रांते हे फेर्दिनांदो या जर्मानिक नावाचं रूप, लोखंडाशी संबंध नाही. फेर्रारा हे शहराचं नाव, तिथला माणूस तो फेर्रारा, आपल्या 'कर'सारखं. घोडा आहे फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाचा. त्याच्या विमानावर तो रंगवलेला असे, १९१८ मध्ये तो युद्धात पडला. १९२३ मध्ये रावेन्नाची शर्यत एन्झोने जिंकली, त्यानंतर बाराक्काच्या आईने तो घोडा लावायला सांगितलं. मागची पिवळी पाटी मोडेनाच्या रंगाची.

वसईची_मारिया | दुपारी २:१०

माझा नवऱ्याकडून मिळालेला अनुभव सांगते. आडनाव फरेरा. पोर्तुगीजमध्ये लोहार म्हणजे फेरेइरो, आणि फेरेइरा म्हणजे लोखंडाची जागा, खाण किंवा भट्टी असलेलं गाव. म्हणजे एन्झोसाहेब आमचे लांबचे चुलते म्हणायला हरकत नाही. पण आमच्या सासऱ्यांच्या सात पिढ्यांत कोणी ऐरण पाहिलेली नाही, सगळे केळीच्या वाडीत राबलेले. गोव्यात काय, वसईत काय, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळायचं. ते दुसऱ्याच कुणाच्या गावाचं.

त्याहून मजा: आमच्या शेजारी तुस्कानो आहेत. वसईत पुष्कळ तुस्कानो. अर्थ? टस्कनीचा! घरात सामवेदी ही इथली बोली बोलतात, जेवायला भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. परवा मी त्यांच्या मुलाला म्हटलं, तुझं गाव फ्लॉरेन्सच्या बाजूला. तो म्हणाला, मॅडम, माझं गाव निर्मळच्या बाजूला.

ओसरीवरचा | दुपारी २:३५

मारियाताई, अख्खा धागा या एका प्रतिसादासाठी काढला असता तरी चाललं असतं.

आडनाव न मिळालेल्याची गोष्ट माझ्याकडे आहे. एन्झोंचा पहिला मुलगा दिनो, १९५६ मध्ये चोविसाव्या वर्षी स्नायूंच्या आजाराने गेला. दुसरा मुलगा पिएरो, जन्म १९४५, पण लग्नाबाहेरचा. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पिएरो आईचं लार्दी हे आडनाव लावून वाढला, बापाच्याच कारखान्यात कामाला लागला. एन्झोंच्या पत्नी १९७८ मध्ये गेल्या, त्यानंतर त्याच्या नावामागे फेरारी लागलं. तोवर ते आडनाव जगभर गाड्यांच्या बॉनेटवर होतं आणि मुलाच्या कागदांवर नव्हतं.

काडीपेटी | सायंकाळी ५:१५

एक काडी टाकतो, राग नको. त्यांच्याकडचं लोहार आडनाव टोपीवर छापून पाच हजाराला विकतात. आपल्याकडे लोहार आडनाव सांगताना माणूस एक क्षण थांबतो. हे का?

सांगलीचा_नाना | सायंकाळी ७:४८

काडीपेटी, उत्तर द्यायचं नव्हतं, पण देतो. माझं शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव गावावरून आहे. आज्याचं लोहार होतं. वडलांना नोकरी लागली, साहेबाने पहिल्या दिवशी आडनाव विचारलं आणि मग "पाणी घेऊन ये" म्हणाला. बाकी कारकुनांना सांगत नव्हता. वडलांनी त्या वर्षी गॅझेटमध्ये देऊन आडनाव बदललं. साहेब कोण, कुठला, ते सोडा.

इटलीत आडनाव चिकटलं तरी पोराला दुसरा धंदा मोकळा होता. गणिती हो, मिठाई कर. आमच्याकडे आडनाव नव्हतं तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं की हा लोहाराचा. बलुत्याला धान्य यायचं ते सुगीला. कोण सुपानं घालायचा, कोण मुठीनं.

पण आज्याला लाज नव्हती हेही सांगतो. पेरणीच्या आधी पहाटे चारपासून फाळ शेवटायला, म्हणजे ठोकून टोक काढायला, रांग. मी भाता ओढायचो. लोखंड तापून कुठल्या रंगाला आलं की बाहेर काढायचं हे त्याला उजेडात दिसायचं नाही, म्हणून भर दुपारी पण तो दार लोटून अंधार करायचा. कोयत्याला पाणी पाजताना 'चर्र' आवाज ऐकून सांगायचा, धार टिकणार की मोडणार. बैलांना पत्री पण तोच मारायचा, घोडं आलं तर नाल. तुमच्या एन्झोने खेचरांना ठोकल्या तशाच.

तीन_फेज | रात्री ८:०३

नाना, दार लोटून अंधार करायचा ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती.

गणिती_गाढव | रात्री ८:२०

+१. एकदा वेगळा धागा काढाच नाना, नुसता आज्यावर. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) आत्ताच लिहून ठेवतो.

काडीपेटी | रात्री ८:३१

नाना, काडी माझीच होती, पण चटका मलाच बसला. सॉरी.

सांगलीचा_नाना | रात्री ९:०५

सॉरी कसली. धाकट्या लेकीने परवा तिच्या बुटांच्या ऑनलाइन दुकानाला 'लोहार' नाव ठेवलंय. मी विचारलं, बूट आणि लोहार? म्हणाली, नाव दणकट वाटतं.

ओसरीवरचा | रात्री ९:१२

नाना, आज्याची ऐरण आहे का अजून? फोटो टाका, आमच्या फेरारीसाहेबांना पाठवतो. वजन किती असेल हो तिचं?

सांगलीचा_नाना | रात्री ९:४४

आहे की. गोठ्याच्या दाराला अडण म्हणून ठेवलीय, म्हशीने दोनदा धडक दिली तरी हलली नाही. फोटो उद्या उजेडात काढतो. वजन माहीत नाही. गावात मोठा काटा एकच, सोसायटीत खताच्या पोत्यांचा, आणि तिथवर न्यायला चार माणसं लागतील. चौथा शोधतोय.